लघु-गुरूचा हिशेब : माधव जूलियन
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला कविता वाचताना 'तुझ्या' या शब्दातील 'तु'वर मी एवढा जोर दिला की मागच्या बाकांवर हशा पिकला. जोडाक्षरामागचे अक्षर गुरू, हा नियम पाठ करून गेलो होतो. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वाटले, कविता हा आपला प्रांत नव्हे.

पुढे ग्रंथालयात 'छंदोरचना' हाती आली. तिचे कर्ते माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी फारसी शिकवली. १९२५ साली त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' निघाला. रविकिरण मंडळातील या कवीने फारसी गझलेची वृत्ते मराठीत रुजवली. 'गज्जलांजलि' १९३३ सालची. १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नवल असे, की फारसीच्या याच प्राध्यापकाने पुढे मराठीतून फारसी-इंग्रजी शब्द काढण्याचा आग्रह धरला.

'छंदोरचने'साठी मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट्. दिली. वृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांची बेरीज ठरलेली, तर छंदात केवळ अक्षरांची संख्या, अशी त्यांनी मराठी पद्याची मांडणी केली. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. 'सत्य' म्हणताना 'स'वर आघात येतो, म्हणून तो गुरू. 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच. म्हणजे निवाडा कागदावरच्या जोडाक्षराचा नाही, उच्चाराचा आहे!

हे वाचून मी थबकलो. घरी बोलताना 'तु'वर मी कधीच जोर देत नाही. पुस्तकी नियमाच्या भीतीने मी घरचाच कान हरवून बसलो होतो. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण लग्नात धवले गाताना ती स्वर कुठे लांबवायचा हे अचूक जाणते. तिची ओळ कधी लंगडत नाही.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी माधवराव गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी मराठीच्या मात्रा मोजून ठेवल्या. यंदा वर्गात मी पुन्हा कविता वाचली, आजीचा कान उसना घेऊन. कोणी हसले नाही.