विषाच्या डब्यावर ‘विष’ लिहायला लावणारा डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अनेक घरांत कॉस्टिक सोड्याचा डबा असे. साबण बनवायला आणि तुंबलेली मोरी मोकळी करायला तो वापरत. साखरेसारखी दिसणारी ही वस्तू किराणा दुकानात सहज मिळे. डब्यावर धोक्याची सूचना असेलच असे नव्हते. नुकतीच चालू लागलेली मुले ती तोंडात घालत.

वाचलेल्या मुलांचे हाल पुढे सुरू होत. जखम भरताना अन्ननलिका आकसत जाई. आधी घास अडके, मग दूध, शेवटी पाणीसुद्धा. अशी मुले पिट्सबर्गमधील डॉ. शेव्हेलियर जॅक्सन यांच्याकडे येत. १८६५ मध्ये जन्मलेले जॅक्सन १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले होते. अन्ननलिकेत थेट पाहता येईल अशी दुर्बीण त्यांनी विकसित केली. तिच्या मदतीने गिळलेली नाणी, टाचण्या ते काढत आणि आकसलेली नळी हळूहळू रुंद करत. पाण्याचा घोटही न उतरणाऱ्या एका मुलीच्या अन्ननलिकेतला अडथळा त्यांनी काढला आणि ती पुन्हा पाणी पिऊ शकली. ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली.

कॉस्टिक सोडा इतका घातक का? १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन यांनी सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी मांडली. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्क. यातील प्रत्येक पायरी दहापटीची असते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास, तर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा १३-१४. आकड्यांत फरक पाच-सहाचा वाटतो. अल्कतेत तो लाखपटीहून जास्त होऊ शकतो. तीव्र आम्लाने भाजलेल्या भागावर बहुधा घट्ट थर धरतो आणि आम्ल आत जायला थोडा अटकाव होतो. तीव्र अल्क मात्र पेशींतील प्रथिने विरघळवते, चरबीचा साबण करते आणि खोल उतरत जाते.

दुर्बिणीने किती मुले वाचवणार, हा प्रश्न जॅक्सन यांना स्वस्थ बसू देईना. डब्यावर ‘विष’ हा शब्द आणि प्रथमोपचार छापलेच पाहिजेत, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. वैद्यकीय संघटनेची साथ मिळाली. अखेर मार्च १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी तसा कायदा मंजूर केला. तेव्हा जॅक्सन एकसष्ट वर्षांचे होते. १९५८ मध्ये, ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत.

मोरी साफ करण्याची पावडर किंवा द्रावण आजही घरात येते. ते थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवले की जॅक्सन ज्या सूचनेसाठी झगडले, ती सूचनाच नाहीशी होते. ते मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. मुलाने गिळल्यास उलटी करवू नये. अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. लिंबू किंवा व्हिनेगर देऊ नये; त्या रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होते. तोंड पाण्याने धुवावे आणि डबा सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.