उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. पिढीजात व्यापार सोडून ते रेल्वेच्या बांधकाम-ठेकेदारीत शिरले. पुढे जहाज, विमान व मोटार देशातच घडविण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

यंत्रे पैशाने मिळतात. परंतु तंत्र रुजण्यास जाणकार सहकारी, कुशल कारागीर आणि राज्यकर्त्यांचा आश्रय लागतो, हे त्यांच्या चरित्रातून दिसते. अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांचे साह्य व म्हैसूर संस्थानचे भांडवल लाभताच २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. महायुद्धामुळे सरकारलाही विमाने हवीच होती. म्हणून १९४१ मध्येच तेथे जोडलेले पहिले विमान झेपावले. मात्र १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा कारभार स्वतःकडे घेतला.

मोटारीबाबत ती अनुकूलता नव्हती. क्रायस्लर कंपनीचे सहकार्य असूनही प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली व कुर्ल्याहून मोटार १९४७ मध्ये बाहेर पडली. विशाखापट्टणमच्या गोदीतील ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

८ एप्रिल १९५३ रोजी शेठजींचे देहावसान झाले. कारखाना हातून गेला, तरी त्यांनी रुजविलेले तंत्र देशाकडे राहिले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!