मारिया ग्रॅहम : पत्रे आणि प्रवास

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, बांधलेले बंदर नव्हते. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकीत आणि उसळत्या लाटांतून उतारूंना मसुला नावाच्या होड्या किनाऱ्यावर आणीत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत. म्हणूनच लाटेचा तडाखा त्यांना सोसवे. १८१० साली मारिया ग्रॅहम ही इंग्रज तरुणी या किनाऱ्यावर आली.

मारिया यांचा जन्म १७८५ साली झाला. वडील आरमारात अधिकारी होते. त्यांच्यासमवेत १८०९ मध्ये त्या मुंबईस आल्या आणि त्याच वर्षी थॉमस ग्रॅहम या नौदल अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. घारापुरी व कार्ले येथील लेणी आणि पुढे मद्रासजवळच्या महाबलीपुरम येथील शिल्पे त्यांनी डोळसपणे पाहिली. सोबत रेखाटनवही असेच. १८१२ साली त्यांची भारतातील दैनंदिनी प्रसिद्ध झाली, तेव्हा एका समीक्षकाने ही बाई ज्ञानासाठी नव्हे, तर वरसंशोधनासाठी हिंदुस्थानात गेली होती, अशा आशयाची टवाळी केली. टीका पुस्तकापेक्षा लेखिकेच्या स्त्रीत्वावरच अधिक होती. मारिया यांनी १८१४ साली भारतावरील पत्रांचा ग्रंथच प्रसिद्ध केला.

१८२२ साली चिलीकडे जाताना पतीचे जहाजावरच निधन झाले. परक्या देशात त्या एकट्याच राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे प्रचंड भूकंप झाला. किनाऱ्याची जमीन वर उचलली गेल्याचे त्यांनी पाहिले आणि तसे पत्राने कळविले. लंडनच्या भूविज्ञान संस्थेने ते १८२४ मध्ये छापले. दहा वर्षांनी संस्थेचे अध्यक्ष ग्रीनो यांनी हे निरीक्षण जाहीरपणे खोटे ठरविले. एव्हाना मारिया यांचा चित्रकार कॉलकॉट यांच्याशी पुनर्विवाह झाला होता आणि १८३१ पासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पती व भाऊ ग्रीनो यांना द्वंद्वाचे आव्हान देण्यास निघाले, असे सांगतात. मारिया यांनी त्यांना थांबविले आणि स्वतःच लेखणी उचलली. पाहिलेल्या गोष्टी मुद्देसूद मांडून त्यांनी संस्थेला खुले पत्र लिहिले.

१८३५ साली चिलीत पुन्हा मोठा भूकंप झाला. त्या वेळी तेथे असलेल्या चार्ल्स डार्विन यांनाही किनारा वर आलेला दिसला. मारिया यांचा कलाविषयक अभ्यास त्या वर्षीही चालूच होता. पादुआ येथील जोत्तोच्या भित्तिचित्रांवरील त्यांचे पुस्तक १८३५ मध्येच निघाले. १८४२ साली त्यांचे निधन झाले.