सुळेभावीचा शिवपुत्र

शहराच्या पश्चिमेला वेंगुर्ला रस्त्यावर आपले हिंडलगा, आणि शहर ओलांडून पलीकडे गोकाकच्या दिशेने गेले की सुळेभावी. दुचाकीवरून तासाभरात गाठता येईल असे हे गाव. तिथल्या कोमकळीमठ घराण्यात 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेल्या शिवपुत्राला पुढे सारा देश कुमार गंधर्व म्हणून ओळखू लागला. गणेशोत्सवात पहाटे लाउडस्पीकरवर देव दीनाघरी धावला या नाटकातली त्यांनी गायलेली भूपाळी लागते, तेव्हा हा आवाज आपल्याच तालुक्यातला, हे आपल्यातल्या कितीजणांच्या मनात येते? 2024 मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने त्यांच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ लिहून आले. आम्हाला मात्र या स्मरणिकेत त्यांच्या आयुष्याची एकच बाजू मांडायची आहे: हा माणूस गाणे शिकला कसा, आणि लोकांसमोर निर्धास्तपणे गाण्याचे बळ त्याने कुठून आणले?

घरात कन्नड, गळ्यात हिंदी आणि ब्रज बोलीतल्या बंदिशी, पुढे मराठी नाट्यगीते आणि संतवाणी. कुमारजी कोणत्या भाषेचे, असा वाद आपल्या भागात कुणाला घालायचाच असेल तर त्याने तो खुशाल घालावा. त्यांच्या गाण्याला त्याची कधी अडचण झाली नाही.

वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे. घरात ग्रामोफोनचे नाद आणि मोठ्या गवयांची चर्चा. अशा घरात पाच-सहा वर्षांचा शिवपुत्र एकाएकी गाऊ लागला, तेही बालगीते नव्हे, तर तबकड्यांवर ऐकलेले थोरामोठ्यांचे गाणे. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे अशांच्या तबकड्या तो हुबेहूब उतरवी. हरकत तीच, आवाज लावण्याची लकब तीच, श्वास घेण्याची जागासुद्धा तीच. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि ती जन्मनावापेक्षा घट्ट चिकटली. मग वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. 1935 साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत जेमतेम अकरा वर्षांचा हा मुलगा गायला आणि समोर बसलेले जाणकार थक्क झाले.

चरित्रे बहुधा या प्रसंगावर रेंगाळतात. आम्हाला वाटते की खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

जिना हॉलमध्ये गाणाऱ्या त्या मुलाला भीती नव्हती, कारण भीती वाटावी इतके त्याला ठाऊकच नव्हते. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात मावणारा राग त्याच्या गळ्यात तयार होता. पण राग म्हणजे काय, हा स्वर इथे का थांबतो, तबकडी संपल्यावर पुढे काय गायचे, हे त्याला कुणी शिकवलेले नव्हते. पाठांतरावर उभा असलेला आत्मविश्वास असाच असतो. पाठ आहे तोवर तो डोंगरासारखा भक्कम वाटतो, आणि एक ओळ निसटली की माणसाला कुठे जायचे ते कळत नाही.

1936 मध्ये वडिलांनी त्याला मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या स्वाधीन केले. देवधर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ऑपेरा हाउस भागात त्यांचे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक चालत असे. गुरू म्हणून ते वेगळेच होते. पाश्चात्त्य संगीताचा त्यांचा अभ्यास होता, आवाज कसा निर्माण होतो आणि कसा बिघडतो यात त्यांना विलक्षण रस होता, आणि एकाच घराण्याची भिंत त्यांनी आपल्या शिष्यांभोवती बांधली नाही. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्यांच्याकडे येत, बसत, गात, वाद घालत. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारांना शिकायला मिळाले.

सात-आठ वर्षांपासून टाळ्या मिळवणाऱ्या पोराला पुन्हा विद्यार्थी म्हणून खाली बसवायचे, हे सोपे काम नव्हे. त्याच्या गळ्यातले काढून टाकायचे नव्हते, पण ते त्याला समजावून द्यायचे होते. ऐकलेली तान गाऊन दाखवणे निराळे, आणि ती तान कोणत्या स्वरांची, कोणत्या अंगाने गेली, दुसऱ्या रागात ती का चालणार नाही हे सांगता येणे निराळे. देवधरांकडे हे दुसरे काम चालले, आणि तेही वर्ष-दोन वर्षे नव्हे, जवळपास अकरा वर्षे. पुढे कुमार त्याच शाळेत शिकवूही लागले. आमच्या मते या शिकवण्याचा त्यांच्या घडणीत मोठा वाटा असावा. दुसऱ्याला समजावताना स्वतःचे कच्चे धागे जितके उघडे पडतात तितके ते एकट्याने केलेल्या रियाजात पडत नाहीत. शाळेत किंवा शिकवणीत शिकवणारी आपल्यातली मंडळी याला दुजोरा देतील.

रियाज म्हणजे पहाटे चारला उठून तासन्‌तास तेच पलटे घोटणे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कुमारजींचा या घोकंपट्टीवर विश्वास नव्हता. गळा फिरवण्याआधी डोके फिरले पाहिजे, अशी त्यांची धारणा त्यांच्या साऱ्या कामातून दिसते. 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे एकट्याने खूप सराव केला होता, हे त्यात दिसलेच. शिवाय हे विद्यार्थी सराव लहान बैठकांत, पूर्ण लक्ष देऊन करत, मध्ये थांबत आणि दुपारी चक्क झोपही काढत. त्यातला दहा हजार तासांचा आकडा जगभर गाजला. लक्ष देण्याची आणि झोपेची गोष्ट मागेच राहिली.

हे सारे आम्ही इथे का सांगतो आहोत? तर दरवर्षी मंडपातल्या गायन स्पर्धेत आम्ही मुले पाहतो. मोबाइलवरून गाणे उचललेले असते, मूळ गायिकेच्या श्वासासकट. पहिले कडवे झकास जाते. मग पेटीवाला काळी दोन ऐवजी काळी तीन धरतो, किंवा ठेका जरा हलतो, आणि मूल आईकडे बघते. घरच्यांना वाटते, मूल घाबरट आहे. आम्हाला तसे वाटत नाही. त्याला गाण्याचा एकच रस्ता दाखवलेला असतो, आणि तोच बंद झालेला असतो. तेच गाणे घरी दोन-तीन पट्ट्यांत, कधी सावकाश, कधी मधल्याच कडव्यापासून म्हणवून घेतले, तर तेच मूल ठेका सावरून पुढे जाते.

कुमारांचा रस्ता मात्र याहून भयंकर रीतीने बंद झाला. 1947 मध्ये देवधरांच्याच शाळेतल्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच काळात त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी 1948 मध्ये दोघे माळव्यातल्या देवासला गेली. वय चोवीसही नव्हते. डॉक्टरांनी गाणे बंद केले, आणि पुढली सुमारे पाच वर्षे अंथरुणावर गेली. भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी केली, शुश्रूषा केली, घर चालवले. कुमारांच्या पुनर्जन्माच्या कथेत त्यांचे नाव एका वाक्यात उरकले जाते, ते आम्हाला खटकते. त्या नसत्या तर ही कथा लिहायला कारणच उरले नसते.

आजारपणाने कलावंत घडतो, असले गोडवे आम्ही गाणार नाही. क्षयाने त्या काळी घरेच्या घरे उजाड केली. पण गाता येत नसताना त्या माणसाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तो ऐकत राहिला. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची लग्नातली, पावसातली, सणावाराची गाणी. दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुण भजने. माळव्याच्या या लोकधुना त्याने मनात साठवल्या, टिपून ठेवल्या, तपासल्या. चार-पाच स्वरांच्या एवढ्याशा धुनेत अख्खा राग कसा दडलेला असतो, हे त्याला पडल्या पडल्या दिसू लागले. गळा गप्प होता, गाणे गप्प नव्हते. मनातल्या मनात केलेला सराव हा नुसता भास नसतो, याला पुढे विज्ञानाचाही आधार मिळाला. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पास्कुआल-लिओने यांच्या प्रयोगात काहींनी पाच दिवस पियानोवर बोटांचा सराव केला आणि काहींनी बोटे न हलवता तोच सराव नुसता मनात केला. बोटे हलवणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत बदल दिसले. हातातली सफाई अर्थात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची जास्त होती, पण मनातल्या सरावानेही ती वाढली होती.

स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध आले आणि कुमार बरे झाले. 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, पण एका फुप्फुसावर. दुसरे निकामी झाले होते. लांबलचक श्वासाच्या ताना आता शक्य नव्हत्या. पूर्वीसारखे गायचा हट्ट धरला असता तर प्रत्येक मैफलीत त्यांची आपल्याच जुन्या गळ्याशी तुलना होऊन हार झाली असती. त्यांनी तो हट्ट सोडला. लहान लहान, टोकदार स्वरवाक्ये, मध्येच अर्थपूर्ण शांतता, मध्य आणि द्रुत लयीतली झेप, एकदम उंच फेकलेला स्वर, असे नवे गाणे त्यांनी आहे त्या श्वासात उभे केले. काही जुन्या जाणकारांनी नाके मुरडली. विलंबित ख्यालाचा विस्तार त्यांच्याकडे कमी, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली, आणि ती अगदीच खोटी होती असे नाही. पण श्रोत्यांना ते उणेपण वाटले नाही, कारण गाणाऱ्यालाच ते वाटत नव्हते.

मग कामाचा धडाका. लगनगंधार, मालवती, संजारी, मधसुरजा असे लोकधुनांतून उगवलेले राग. अनूपरागविलास हा स्वतःच्या बंदिशींचा ग्रंथ. गीत वर्षा, माळव्याच्या लोकधुना असे एकेका विषयावर बांधलेले कार्यक्रम. कबीर, सूर, मीरा, तुकाराम. 1961 मध्ये भानुमतीबाई गेल्या. पुढे वसुंधराताई त्यांच्या आयुष्यात आल्या आणि मैफलीतही साथीला बसल्या.

कुमारजींच्या मैफलीला गेलेली जुनी माणसे आणखी एक गोष्ट हमखास सांगतात: तंबोरे. ते जुळवायला ते मनसोक्त वेळ घेत. श्रोते खोळंबलेत, संयोजक घड्याळ बघताहेत, याची त्यांना पर्वा नसे. कुणाला हा हेकटपणा वाटे. आम्हाला त्यात मोठे शहाणपण दिसते. मंचावर बसलेल्या माणसाचे मन साहजिकच समोरच्या चेहऱ्यांकडे धावते: कोण आले, कोण काय म्हणेल? तारेत लपलेला गंधार शोधत बसले की ते मन आपोआप स्वराकडे वळते. पहिला षड्ज लागेपर्यंत समोरची गर्दी नाहीशी झालेली असते.

उत्तर आयुष्यात त्यांनी बालगंधर्वांची पदे घेऊन एक कार्यक्रम केला. तबकड्यांची हुबेहूब नक्कल करून ज्याने बालपणी नाव कमावले, त्याला बालगंधर्वांची नक्कल करणे हातचा मळ होता. त्यांनी ती केली नाही. कार्यक्रमाचे नावच मला उमजलेले बालगंधर्व असे ठेवले आणि ती पदे स्वतःच्या श्वासात, स्वतःच्या थांब्यांनी गायिली. 1977 मध्ये पद्मभूषण आणि 1990 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 12 जानेवारी 1992 रोजी देवासच्या घरी त्यांचे निधन झाले. त्या घराचे नाव भानुकुल.