वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा शल्यविशारद

१९२७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने सर्कशीत कुरूप म्हणून मिरविल्या जाणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र थट्टेने छापले, तेव्हा बॉस्टनचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी संपादकांना निषेधाचे पत्र धाडले. ती स्त्री ॲक्रोमेगॅलीची रुग्ण होती. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तीत गाठ होऊन वाढीचा स्राव अमर्याद पाझरू लागला की हातपाय, जबडा, नाक रुंदावत जातात, डोके ठणकते, पुष्कळदा दृष्टीही अधू होते. यात हसण्यासारखे काय आहे?

क्लीव्हलँड येथे १८६९ साली जन्मलेल्या कुशिंग यांनी १९०९ मध्ये बाल्टिमोर येथे अशाच एका शेतकऱ्याच्या ग्रंथीचा काही भाग काढला आणि त्याची लक्षणे ओसरली. दोष स्रावाच्या आधिक्याचा, या त्यांच्या मताला त्यामुळे बळ मिळाले. १९१० ते १९२५ या काळात त्यांनी नासामार्गे २३१ शस्त्रक्रिया केल्या. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात मृत्यूचे प्रमाण अवघे ५.६ टक्के राहिले, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

पुढे मात्र त्यांनीच ही वाट सोडून कवटी उघडण्याचा मार्ग पत्करला, आणि बहुतेक शल्यविशारद त्यांच्यामागे गेले. एडिंबरोचे त्यांचे शिष्य नॉर्मन डॉट मात्र जुन्या वाटेला चिकटून राहिले. डॉटांकडून ती पॅरिसच्या गीओंनी उचलली, गीओंकडून मॉन्ट्रियलच्या हार्डींनी. १९६० नंतर तिला सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाली. आज गाठ लहान असेल तर निष्णात हाती बहुसंख्य रुग्णांचा स्राव आटोक्यात येतो. मोठी गाठ अजूनही पुष्कळदा पुरती निघत नाही. तेथे औषधे आणि किरणोपचार लागतात. कुशिंग १९३९ सालीच निवर्तले होते. टाकलेल्या वाटेचे हे पुनरुज्जीवन त्यांनी पाहिले नाही.