दहा बोटांचे ठसे

विश्रांतवाडीपासून जवळच असलेल्या येरवड्याच्या कारागृहात १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये महात्मा गांधी हे सहबंदी इंदुलाल याज्ञिक यांना एका लढ्याचा इतिहास सांगून लिहवून घेऊ लागले. दक्षिण आफ्रिकेतील तो लढा पेटला ओळखीच्या एका कागदावरून. कर्मचाऱ्यांच्या सक्तीच्या छायाचित्रांविषयी आज जो वाद चालतो, त्याचे मूळ तेथे सापडते.

१८९३ मध्ये वकिलीच्या कामासाठी गांधी तिकडे गेले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सवाल सरकारने कायद्याचा मसुदा काढला: आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने नोंदणी करावी, दहा बोटांचे ठसे द्यावेत आणि पोलीस मागेल तेव्हा दाखला दाखवावा. बंगालच्या पोलीस खात्यात नाव मिळवलेल्या एडवर्ड हेन्री यांचा ठशांवरील ग्रंथ गांधींनी चाळला. दहा बोटांचे ठसे फक्त गुन्हेगारांकडून घ्यावयाचे, असे त्यात आढळले. पापभीरू व्यापारी आणि सराईत चोर यांना एकाच वहीत बसवणे, हे खरे शल्य होते. १९०७ मध्ये कायदा झाला. तो न पाळल्याबद्दल १९०८ च्या जानेवारीत गांधी तुरुंगात गेले.

त्याच महिनाअखेर जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. लोकांनी आपण होऊन नोंदणी करावी, मग कायदा मागे घेतला जाईल, अशी गांधींची समजूत होती. १० फेब्रुवारीला ते नोंदणीसाठी निघाले असता मीर आलम या चिडलेल्या पठाणाने त्यांना वाटेतच लाठीने झोडपले. शुद्धीवर आल्यावर रेव्हरंड डोक यांच्या घरी अंथरुणावरूनच गांधींनी ठसे दिले. काल नाकारलेली गोष्ट आज कशी दिली, हा मीर आलमचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. पण गांधींच्या लेखी ठसा तोच असला तरी देणारा बदलला होता: काल तो संशयित होता, आज नागरिक. कायदा मागे घेतला गेला नाही, तेव्हा १६ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर दाखल्यांची होळी झाली.

हा भेद आजही उपयोगी पडावा. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितले. ते योग्यच, कारण दंडुका हाती असणाऱ्याला निनावी राहता येत नाही. मात्र नोकरीसाठी काढलेले त्याचे छायाचित्र पुढे कोठे जाते, कोण ठेवतो, हे त्याला विचारता आले पाहिजे. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्ये ठरले. तरीही २०२३ पासून ग्रामीण रोजगार हमीच्या बहुतेक कामांवर मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे घेणे सक्तीचे झाले. चोरी कंत्राटात, आणि संशय घमेले उचलणारीवर!

१९१४ च्या समझोत्यात अंगठ्याचा ठसा असलेला दाखला हा हिंदी माणसाच्या प्रवेशहक्काचा पुरावा ठरला. गांधींनी त्याला हरकत घेतली नाही. १९२४ च्या जानेवारीत ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या महिन्यात सुटका. इतिहासाची पहिली तीस प्रकरणे तोवर येरवड्यातच लिहून झाली होती.