स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, जन्म : डभोई, बडोदा संस्थान, ३० ऑगस्ट १८८३, मृत्यू : १८ एप्रिल १९६६) हे योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासणारे आद्य भारतीय संशोधक आणि लोणावळा (तालुका मावळ, जिल्हा पुणे) येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होत. स्नायूंवर ताबा मिळवून व्याधी दूर करता येतात असे सांगणारे त्यांच्या काळी पुष्कळ होते. अशी क्रिया कोणाला मानवते आणि कोणाला अपाय करते, हे मोजून पाहण्याचा आग्रह मात्र विरळाच होता.

पूर्वायुष्य

१९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी १९०७ ते १९१० या काळात देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे खानदेशात अमळनेर येथे ते अध्यापन करीत. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली.

प्रयोग

गुरूकडून मिळालेली विद्या श्रद्धेने स्वीकारूनही गुणे यांनी तिची कारणे शोधण्याचे सोडले नाही. उड्डियान व नौली या पोटाच्या क्रियांचा अभ्यास त्यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने सुरू केला. नौलीत पोटाचे उभे स्नायू वेगळे काढून पुढे आणले जातात. त्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना दाबमापकावर आढळले. बस्तिक्रियेत पिचकारीवाचून पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यामुळे झाला. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये विजयादशमीच्या सुमारास कैवल्यधामची स्थापना झाली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळा तेव्हा हवा पालटण्याचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध होते. तेथे प्रयोगशाळा उभी राहणे ही त्या काळी नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. आसनांतील रक्तदाब आणि प्राणायामातील प्राणवायूचे प्रमाण यांची मोजमापे तेथे झाली. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, हा रूढ समज त्यांनी मान्य केला नाही.

सुरक्षिततेविषयी दृष्टी

आसनांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी लाभांसोबत इशारेही दिले. कान वाहणारे, डोळ्यांतील केशवाहिन्या नाजूक असणारे आणि हृदय दुर्बल असणारे यांनी शीर्षासन करू नये, असे त्यांचे सांगणे होते. एकच क्रिया सर्वांना सारखी मानवते, हे त्यांना मान्य नव्हते. १९२७ च्या आजारपणात महात्मा गांधींनी त्यांचा सल्ला घेतला होता.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन हे लोणावळ्यास राहून त्यांच्याकडे योग शिकले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात, प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या मानसिक चाचण्यांत आपली कामगिरी मंदावल्याची नोंद आहे. हा निष्कर्ष योगाच्या प्रचारकांना गैरसोयीचा होता. म्हणूनच तो मोलाचा ठरतो.

उत्तरायुष्य

१९३२ साली मुंबईत संस्थेची शाखा सुरू झाली. शालेय शारीरिक शिक्षणाविषयी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवरही त्यांनी काम केले. योगाच्या शिक्षणासाठी लोणावळ्यास महाविद्यालय निघाले, तर १९६० नंतर तेथेच योगोपचारांचे रुग्णालय उभे राहिले. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेला यौगिक चिकित्सेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यांच्या मागे संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. भारतीय टपाल खात्याने ३० ऑगस्ट २०१९ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्यांच्यावर तिकीट काढले.